पितळी गोळ्यावरचा कॅमेरा

आमच्या दिवेआगरच्या घरात खोबरेल पोचलं नाही अशी जागा शोधायची म्हटलं तर फार हिंडावं लागलं असतं. दाराच्या कड्या, पेट्यांची कुलपं, रहाटाचा कणा, बैलांची शिंगं, अण्णांचे गुडघे आणि माझं डोकं, सगळ्यांवर आईची सारखीच माया होती. समुद्राची हवा आमच्याकडे लोखंडाला आठ दिवसांत तांबडं करते आणि पितळेला हिरवं. त्यामुळे आईचा नारळाच्या करवंटीतला तेलाचा बोळा दिवसभर घरातून फिरत असे. वाडीतला रहाट कुरकुरू लागला की ती चुलीपुढूनच ओरडे, "अरे, त्याला तेल द्या कोणीतरी, मघापासून रडतोय तो!" हे सगळं आधीच सांगून ठेवतो आहे, कारण पुढे मी जो पराक्रम केला त्याचा न्याय करताना वाचकांनी माझं वळण लक्षात घ्यावं, एवढीच विनंती.

कॅमेरा आला तो गिरगावच्या मामांकडून. मामांचा फोटोचा धंदा होता. डोळे अधू झाले तसा तो त्यांनी बंद केला आणि भाच्याला मिसरूड फुटलंय, मॅट्रिक काही फुटत नाही, निदान हे तरी शिकेल, म्हणून कॅमेरा आगबोटीनं पाठवून दिला. आताच्या मुलांना कॅमेरा म्हटलं की काडेपेटीएवढी वस्तू डोळ्यांपुढे येते. माझा नातू तर तो गळ्यात अडकवून नारळावर चढतो. आमचा कॅमेरा म्हणजे सागवानी पेटी होती. पुढे पितळी नळीत बसवलेलं भिंग, मागे दुधी काच, मध्ये बाजाच्या पेटीसारखा चामडी भाता, आणि वजन भरल्या कळशीएवढं. दुधी काचेत सगळं उलटं दिसायचं. पहिल्या दिवशी आईनं काळ्या फडक्यात डोकं घालून पाहिलं, तर अण्णा ओटीवर खाली डोकं वर पाय करून सुपारी कातरत होते. ती फडक्यातल्या फडक्यात इतकी हसली की बाहेरून कॅमेऱ्याला उचकी लागल्यासारखी दिसली. पुढे आठ दिवस ती रोज दुपारी भांडी घासून झाली की म्हणे, "जरा उलटे अण्णा दाखव रे."

पण कॅमेरा उभा करायचा कशावर? त्याचा तिपाय बरोबर आला होता, तीन लाकडी तंगड्यांचा, चांगला छातीएवढा उंच. पण आगबोटीवरून किनाऱ्याला नेणाऱ्या पडावात सामान उतरवताना तो पेटीखाली सापडला आणि त्याचं डोकं फुटलं. तिपायाचं डोकं म्हणजे कॅमेरा ज्यावर बसवून स्क्रूनं आवळतात तो माथ्याचा भाग. मामांचं जुनं डोकं साधं होतं, पोळपाटाएवढी सपाट लाकडी फळी आणि तिला पुढे-मागे कलती करायला एक बिजागरी. तिचे दोन तुकडे घेऊन मी दिघीला गेलो, गलबतं बांधणाऱ्या पांडू मेस्त्रीकडे. मेस्त्रीनं तुकडे जुळवले, अंगठ्यानं लाकूड दाबून पाहिलं आणि म्हणाला, "ह्यात काय हाय? उद्या ये. सागाची जाड फळी देतो. तुझा पोर-नातू मरंल पण फळी न्हाय हलणार."

मला फळी नको होती. कॅमेऱ्याबरोबर आलेल्या जुन्या इंग्रजी कॅटलॉगात मी एक चित्र पाहिलं होतं. पितळेची एक वाटी, त्या वाटीत पितळेचा गुळगुळीत गोळा, आणि बाजूला एकच मळसूत्र. मळसूत्र सैल केलं की कॅमेरा हवा तिकडे वळवा, आकाशाकडे, पाताळाकडे, शेजाऱ्याच्या खिडकीकडे. आवळलं की तिथेच स्थिर. ते चित्र उशाशी घेऊनच मी झोपायचो म्हटलं तरी चालेल. मेस्त्रीला मी ते चित्र दाखवलं. त्यानं ते लांब धरून पाहिलं. "गोळ्यावर?" तो म्हणाला. "अरे, मी गलबत उभं करतो ते सपाट ओंडक्यावर करतो. नारळावर उभं करत न्हाय." त्याच्या हाताखालची माणसं हसली. मला वाटलं, गावठी माणूस, ह्याला यंत्रातलं काय कळणार.

मग मी मुंबईला गेलो. मामांच्या ओळखीच्या दुकानात एक म्हातारे पारशी शेठ होते, नाकावर चष्मा आणि चष्म्यावरून माझ्याकडे नजर. कपाटात तो गोळा होता! चित्रापेक्षा देखणा. मी बोट दाखवलं तसं त्यांनी तो बाहेर काढला, पण हातातून सोडला नाही. "डिकरा, तुजा कॅमेरा केवडा?" मी हातांनी दाखवला. दाखवताना हात आपोआप जवळ आले, आणि सव्वा हाताचा कॅमेरा वीतभर झाला. शेठनी माझ्या हातांकडे पाहिलं, मग तोंडाकडे. "खरा बोल हां. ए गोला नाना, छोटा कॅमेरासाठी हाय. मोटा कॅमेरा एच्यावर बसवशील ने, तर तो नमाज पडेल." आणि त्यांनी कपाटाखालून एक साधं लाकडी डोकं काढून माझ्यापुढे ठेवलं, थेट मामांच्या फळीचं भावंड. माझी खात्री पटली की गावाकडचा पोरगा पाहून शेठ न खपलेला माल गळ्यात मारताहेत. मी हात आणखी थोडे जवळ आणले आणि म्हटलं, "एवढासाच आहे हो." त्यांनी सुस्कारा सोडून गोळा कागदात बांधला.

गोळा घरी आला. चार दिवस तो झळकला, पाचव्या दिवशी त्याच्यावर हिरवट झाक दिसली. मी चिंचेनं घासून तो लख्ख केला. आणि पुन्हा हिरवा पडू नये म्हणून आमच्या घरात जे केलं असतं ते केलं. करवंटीतला बोळा घेतला आणि गोळ्याला, वाटीला, मळसूत्राला सढळ हातानं खोबरेल चोपडलं. गोळा काय सुरेख फिरू लागला! लोण्यातून बोट फिरावं तसा. तो फिरू नये म्हणूनच त्या वाटीची सगळी उठाठेव होती, हे माझ्या तेलकट डोक्यात शिरलं नाही. घरात मी तो आवळून पाहिला, कॅमेरा मिनिटभर स्थिर राहिला, मी खूश झालो. मिनिटानंतर काय होतं ते पाहायला मी थांबलो नाही, कारण आईनं घावणे झाले म्हणून हाक मारली होती.

अशा वेळी दिघीच्या हसन नाखव्यांचा निरोप आला. नाखवा म्हणजे गलबताचा मालक आणि कप्तान. हसनचाचांनी उभी हयात समुद्रावर काढली होती, आता गुडघे धरले म्हणून भावाच्या हाती कारभार देऊन ते किनाऱ्यावरून हुकूम सोडत. त्यांचा थोरला मुलगा युसुफ सात वर्षं मोंबासाला होता. त्यानं पाठवलेल्या कमाईतून पांडू मेस्त्रीनं त्यांचं नवं गलबत बांधलं होतं, आणि युसुफनं लिहिलं होतं की गलबत पाण्यात जाण्याआधी त्याची तसवीर काढून पाठवा, घरच्या सगळ्यांना पुढे उभं करा, आणि अम्मीला नक्की उभं करा. पण अम्मी, म्हणजे आमची आमिनाचाची, पक्की होती. "माझा चेहरा कागदावर न्हाय जायचा," ती म्हणाली होती. "कुणाच्या खिशात, कुणाच्या भिंतीवर... न्हाय." चाचांनी समजावलं, दिरानं समजावलं, तिनं पान लावलं आणि विषय संपवला.

हा निरोप ऐकून अण्णांनी अडकित्ता खाली ठेवला. मुरूडच्या संस्थानी कचेरीत माझ्यासाठी उमेदवारीची जागा ते बरेच दिवस हेरून होते. बिनपगारी कारकुनी करायची, आणि वर्षा-दोन वर्षांनी कुणी मेला किंवा पेन्शनीत गेला की त्याच्या गादीवर बसायचं. "हे बघ बाबू," ते म्हणाले, "नाखव्याची तसवीर धड आली तर कॅमेरा घरात राहील आणि तूही. नाही आली तर कॅमेरा मामाला परत आणि तू मुरूडला. मग तोंड फुगवायचं नाही." मी गोळ्याच्या भरवशावर ताबडतोब कबूल झालो.

उधाणाच्या भरतीवर गलबत ढकलायचं होतं. पावसाळा सरून समुद्र उघडला होता, खाडीवर ऊन चकाकत होतं. मी बैलगाडीत कॅमेरा मांडीवर घेऊन पोचलो तेव्हा गलबत ओंडक्यांवर उभं होतं, खालून माणूस वाकून जाईल एवढी फट. मेस्त्रीनं नाळेची, म्हणजे गलबताच्या पुढच्या टोकाची, पूजा करून नारळ फोडला होता, मौलवीसाहेबांनी फातिहा पढला होता, आणि दोन्हींचा प्रसाद एकाच ताटातून वाटला जात होता. चाची आणि बायका गलबताच्या पलीकडच्या अंगाला, सुकत टाकलेल्या शिडाच्या आडोशाला बसल्या होत्या. मी तिपाय उभा केला, गोळ्यावर कॅमेरा चढवला. मेस्त्री लांबूनच ओरडला, "बाबू, नारळच आणलास ना शेवटी!"

मी दुर्लक्ष केलं. चाचा मधे खुर्चीवर, दोन्ही बाजूंना भाऊ, धाकटे मुलगे, खलाशी, मेस्त्री आणि त्याची माणसं, अशी वीसेक माणसं मी मांडली. काळ्या फडक्याखाली शिरून काचेत पाहिलं, सगळं उलटं आणि झकास. मळसूत्र आवळलं, भिंगावर टोपी चढवली, मागे काचेच्या प्लेटची पेटी सरकवली. मग बाहेर येऊन मी भाषण केलं. मामांच्या दुकानात मी तसं भाषण ऐकलं होतं. "आता मी सांगेपर्यंत कुणी हलायचं नाही. कुणी बोलायचं नाही. डोळेसुद्धा हलवायचे नाहीत. काही झालं तरी तोंड उघडायचं नाही, नाही तर युसुफभाईला आफ्रिकेत धूर दिसेल." मग मी पुढे जाऊन एकाची टोपी नीट केली, एकाच्या लुंगीची गाठ झाकली, चाचांची दाढी छातीवर पसरून दिली. ह्यात चांगली तीन-चार मिनिटं गेली. परत आलो तेव्हा वीस माणसं पुतळ्यासारखी उभी, आणि सगळ्यांचे डोळे वटारलेले. मला वाटलं, वा, काय दरारा आहे माझा! गर्दीकडेच बघत मी भिंगावरची टोपी काढायला हात नेला. टोपी नेहमीपेक्षा वीतभर खाली लागली. खरंच सांगतो, त्या क्षणी मला वाटलं की आज मी उंच झालोय. एक, दोन, तीन मोजून टोपी परत लावली आणि वळलो.

कॅमेरा जमिनीकडे बघत होता. मान खाली, चोरी पकडलेल्या पोरासारखी. वाटीच्या काठाला टेकून गोळा आता निवांत थांबला होता. त्याच वेळी भरतीचं पाणी ओंडक्यांना लागलं, मेस्त्रीनं "हैसा!" केलं आणि चाचा सोडून माझे सगळे पुतळे गलबताला खांदे द्यायला धावले. पाहता पाहता गलबत पाण्यात डुलू लागलं. आता कोणाला परत उभं करणार? मी मनाशी ठरवून टाकलं की कॅमेरा वाकला तो टोपी लावल्यावर, म्हणजे चित्र उतरून झाल्यावर, वाकला. माणूस स्वतःशी किती गोड बोलू शकतो, हे मला त्या दिवशी कळलं.

दुसऱ्या दिवशी न्हाणीघराच्या फटींना गोणपाट लावून, लाल कागदाच्या कंदिलाच्या उजेडात मी प्लेट धुतली. हळूहळू आकार उमटू लागले. आधी ओंडके आले. मग पाय आले. मी धावा करत होतो, आता गुडघे, आता कमरा, आता चेहरे. कमरेपर्यंत येऊन चित्र संपलं. वर चाचांच्या दाढीचं टोक तेवढं लोंबत होतं. वीस माणसांचे चाळीस पाय, एकाहून एक स्वच्छ, नखसुद्धा मोजता यावं असे, आणि डोकं एकालाही नाही.

मी खोटं बोललो. म्हटलं, प्लेट मुंबईला पाठवावी लागली, छापायला पंधरा दिवस लागतील. खरं तर अंगणातल्या उन्हात कागदाखाली धरून मी ती केव्हाच छापली होती आणि गोणीखाली दडवली होती. गलबत पहिल्या फेरीला मलबारकडे निघून गेलं, त्याच्याबरोबर बहुतेक पायही गेले, म्हणजे दुसरी तसवीर काढायचा मार्ग बंद झाला. आणि दर जुम्म्याला चाचीकडून आमच्या घरी डबा येऊ लागला, नारळाच्या दुधातली मऊ, लुसलुशीत तांदळाची सांदणं. "तसवीरवाल्या पोराला," असा निरोप. अण्णा ते घरात घेत नसत. मी विहिरीच्या काठावर बसून खायचो. खोटं बोलूनही मी एकही सांदण उरवत नव्हतो. आईचं म्हणणं होतं की दोन तरी उरायला हवीत, निदान कशी झालीत ते कळायला.

शेवटी चाचा स्वतःच आमच्या ओटीवर आले. बोर्लीचा एक माणूस चार दिवसांनी मोंबासाला निघाला होता, त्याच्याबरोबर तसवीर द्यायची होती. "आण बेटा," ते म्हणाले. मी पाण्याचा तांब्या आणला. "पाणी न्हाय, तसवीर." अण्णांनी माझ्याकडे पाहिलं आणि त्यांना सगळं कळलं. मी गोणीखालून कागद काढून चाचांच्या हातात दिला आणि खांबाआड जाऊन उभा राहिलो.

चाचांनी कागद सरळ धरला, मग उलटा, मग परत सरळ. "डोकी कुठं हायत?"

"वर राहिली," मी म्हणालो.

"वर म्हणजे?"

"कागदाच्या वर. कॅमेरा वाकला हो, चाचा."

"ते आम्ही बघितलं. हळूहळू वाकत होता. आम्हाला वाटलं, मशीन सलाम करतंय. सांगणार होतो, पण तूच तोंड शिवून टाकलं होतंस." अण्णांनी कपाळाला हात लावला. चाचा मात्र कागदावर वाकले. "हा बघ आमचा खलाशी सुलेमान. नांगर पडून गेलेलं नख. हा मेस्त्री, त्याच्या पायाला डांबर. हा माझा धाकटा, एका पायावर उभा, कधी सरळ उभा राहिलाय का तो!" एकेक पाय ते बोटानं ओळखत चालले, हसत होते. मग बोट थांबलं. पुढच्या माणसांच्या तंगड्यांमधून गलबताखालची फट दिसत होती, आणि फटीच्या पलीकडे, दोन ओंडक्यांच्या मधे, आणखी दोन पाय होते. लहान, अनवाणी, जवळजवळ ठेवलेले. डाव्या पायावर घोट्यापासून बोटांपर्यंत भाजल्याचा रुंद डाग. मी ती तसवीर शंभर वेळा पाहिली होती, पण मोजणी चाळीसवर थांबवून. चाचांनी हसणं थांबवलं. कागद उपरण्यात गुंडाळला, अण्णांना सलाम केला आणि निघून गेले.

आठवड्यानं मी मुरूडला. तिथल्या उमेदवारीबद्दल सांगण्यासारखं फारसं नाही. दीड-दोन महिने मी दुसऱ्यांच्या अर्जांच्या नकला करत बसलो आणि प्रत्येक अर्जदाराच्या पायांकडे बघायची खोड लागली. मग पौषात अण्णांचं कार्ड आलं. ते त्यांच्या बोलण्यासारखंच होतं. "नाखवा येऊन गेले. युसुफचं पत्र आलं आहे. आगरदांड्याहून तरीच्या होडीनं दिघीला उतर आणि आधी त्यांच्याकडे जा. पांडू मेस्त्रीनं तिपायावर फळी बसवली आहे. मी स्वतः वर बसून पाहिलं, हलत नाही. गोळा आईनं ठेचणीला घेतला. कचेरीत राजीनामा दे. उमेदवाराचा राजीनामा घेत नसतील तर नुसता नीघ."

चाचा ओटीवरच होते. मला जवळ बसवून म्हणाले, "युसुफ लिहितो, खोलीत तसवीर लावलीय. कामावर जाताना अम्मीच्या पायांना सलाम करून जातो. सात वर्षांत पयल्यांदा लिहिलंय की घरी येतो." आणि मग म्हणाले, "आता खाडीपल्याडच्या दोन घरांनी विचारलंय, त्यांचेपण पाय काढशील काय म्हणून."

मला राहवेना. दाराच्या पडद्यामागे बांगड्या वाजत होत्या, चाची तिथेच होती. मी तिकडे तोंड करून सगळं कबूल केलं. शेठचं म्हणणं, माझे जवळ आलेले हात, खोबरेल, सांदण खात बोललेलं खोटं. "चाची, माझी काही हुशारी नाही त्यात. चुकून आले तुमचे पाय."

पडद्याआडून ती हसली. "चुकून तुझ्याकडून आले रे. माझ्याकडून न्हाय. मी शिडाआड बसले होते, तुझ्या त्या काचेच्या डोळ्याला भिऊन. मग गलबताच्या कडेनं वाकून बघितलं, तो आपला खाली खाली चाललाय. समदे डोळे वटारून बघतायत आणि तू दाढ्या नीट करतोयस. म्हटलं, ह्याला तोंडं नकोतच दिसतात, ह्याला पाय पायजेत. पाय द्यायला माझी कुठं ना होती? उठले, गलबताच्या मागं जाऊन उभी राहिले, आणि चपला काढून ठेवल्या."

"चपला कशाला काढल्या?"

"काय पोर हाय," चाची चाचांना म्हणाली, आणि मग मला, समजावून सांगावं तशी: "लहानपणी युसुफनं माझ्या पायावर पेजेचं भांडं लवंडलं होतं. चपलांत तो डाग झाकला असता, तर त्यानं मला ओळखलं कसं असतं?"